पाठमोरा पाठ

१

ऑपरेटरना माउस धरवेना, तेव्हा बाईंनी माउसच उचलून कपाटात ठेवून दिला.

त्यांना सगळे ऑपरेटरच म्हणत. थिएटरात सिनेमा दाखवायच्या मशीनच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली होती. आधी थिएटर बंद पडलं आणि मग हातांना कंप सुटला. मुलीने सिनेमे बघायला कॉम्प्युटर आणून दिला खरा, पण पडद्यावरचा बाण त्यांच्या हाती गेला की माशीसारखा भिरभिरायचा. लावायचा असायचा सिनेमा आणि उघडायचं भलतंच. एकदा तर चांगला रंगात आलेला सिनेमा त्यांनी पार पुसून टाकला. "अख्ख्या गावाला सिनेमा दाखवला, आता स्वतःला दाखवता येईना," असं म्हणून ते हसले. ते हसू बाईंच्या जिव्हारी लागलं.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्या टायपिंगच्या क्लासात शिकवायच्या. बटणांशी त्यांचं जुनं नातं. त्यांनी सिनेमाच्या प्लेअरची एकूण एक बटणं धुंडाळली. स्पेस दाबली की सिनेमा थांबतो, पुन्हा दाबली की चालतो. डावा बाण मागे नेतो, उजवा पुढे. 'एफ'ने चित्र पडदाभर होतं, 'एम'ने आवाज बंद. मग त्यांनी जाड पुठ्ठा घेतला, लागतील तेवढ्याच बटणांवर गोल भोकं पाडली आणि तो कीबोर्डवर बसवला. आता बोट कितीही कापलं तरी ते भोकातच पडणार. भलतं बटण दाबलं जायची सोयच उरली नाही.

ऑपरेटरना सगळ्यात आवडलं ते 'ई'. ते दाबलं की सिनेमा एक चित्र पुढे सरकून थांबायचा. पुन्हा दाबलं की आणखी एक. ते तासन्‌तास एखादा घोडा असा एकेक पाऊल चालवत बसत.

"बघ, हलत काहीच नसतं," ते म्हणत. "नुसती चित्रं उभी असतात एकामागे एक. हलवतो तो आपला डोळा."

"तुमचा डोळा हलवतो आणि माझा चहा निवतो," बाई म्हणत. घर असं मजेत चाललं होतं.

ही हकिकत व्यायामाच्या मॅडमना कळली. ऑपरेटर ज्या केंद्रात हातांच्या व्यायामाला जात तिथल्या त्या मॅडम. त्या बाईंच्या मागेच लागल्या, "आमच्याकडे असे कितीतरी जण आहेत हो. त्यांनाही शिकवा ना." मग मुलीने फोनवरून समजावून रेकॉर्डरही बसवून दिला. एफ-नऊ दाबलं की पडद्यावर जे जे चालेल ते सगळं आवाजासकट टिपलं जायचं, एफ-दहा दाबलं की थांबायचं. बाई दुपारची कामं आवरून टेबलाशी बसत, एफ-नऊ दाबत आणि क्लासातल्या त्याच खणखणीत आवाजात सुरू करत, "आज आपण आवाज कमी-जास्त करायला शिकू." मागे भिंतीला टेकून ऑपरेटरांची वेताची खुर्ची. बाई चुकल्या की तिथून खाकरण्याचा आवाज यायचा.

२

केंद्रात येणाऱ्यांपैकी एक घड्याळजी होते. बारीक काम करून करून ज्यांचे हात देवासारखे स्थिर म्हणून नावाजलेले, त्यांच्याच हातांना कंप सुटला होता. माणूस खचला होता. बाईंचे धडे बघून तो पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसायला लागला. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"बाई, काल नातवंडांना मी स्वतः गाणं लावून दाखवलं. मधेच थांबवलं, मागे नेलं, परत लावलं. पोरं बघतच राहिली."

बाईंना गहिवरून आलं. "आता पुढच्या धड्यात वेग वाढवायला शिकवते."

"शिकवा, शिकवा. एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा की."

"तुम्ही पाठमोऱ्या का बसता?"

"कुठे?"

"धड्यात. सुरुवातीला पडदा काळा असतो ना, तेव्हा तुमची पाठ दिसते. अंबाडा दिसतो. चेहरा दिसला असता तर बरं वाटलं असतं, एवढंच."

बाई मनापासून हसल्या. "अहो, मी कशी दिसेन? ते पडद्याचं रेकॉर्डिंग आहे. कॉम्प्युटरच्या आत जे चालतं तेवढंच येतं त्यात. तुमच्या काचेत तुमच्याच घरातलं कुणीतरी दिसलं असेल."

"असेल, असेल," घड्याळजी म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "आमच्या घरात अंबाडा कुणाचाच नाही हो."

३

दुपारी बाईंनी जुना धडा लावला. सुरुवातीला सिनेमा सुरू व्हायच्या आधी प्लेअर नुसता काळा असायचा आणि त्या काळ्यावर बाई बटणांची ओळख करून द्यायच्या. त्यांनी बघितलं. काळंच होतं. "डोळे तपासायला हवेत त्यांचे," असं पुटपुटत त्यांनी बंद करायला हात नेला. मग वाटलं, करायचंच आहे तर नीट करावं. त्यांनी उजेड वाढवायचं बटण दाबून धरलं.

काळं राखाडी झालं आणि राखाडीतून खोली वर आली.

टेबल. टेबलावरच्या पडद्याची चौकट. तिच्यापुढे बसलेली एक बाई, पाठमोरी. अंबाडा, त्यातली डावीकडे निसटलेली बट, एक खांदा किंचित वर. क्लासातल्या पोरी याच खांद्यावरून त्यांची नक्कल करायच्या. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही, तरी बाईंनी ती लगेच ओळखली.

त्यांनी स्पेस दाबली. चित्र थांबलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. सगळं जागच्या जागी होतं.

बाई घाबरट नव्हत्या. त्यांनी सरळ विचार केला. काचेतलं प्रतिबिंब म्हणावं, तर रेकॉर्डर काच टिपत नाही, आणि प्रतिबिंबात तोंड दिसायला हवं, पाठ नव्हे. कॅमेरा म्हणावा, तर या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही. मुलगी एका दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायची. बाईंनी तिला फोन लावला.

"आई, शक्यच नाही ते," ती म्हणाली. "बाबांनी काहीतरी उद्योग केला असेल."

"त्यांना चमचा धरता येत नाही नीट, ते कसला उद्योग करणार?"

"मग मला पाठव, मी बघते."

बाईंनी पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज हसरा होता, पण ओढूनताणून. "आई, दिसतंय खरं काहीतरी. पण कुणीतरी मागे बसून मोबाइलवर काढलंय, असं वाटतंय. बाबांच्या खुर्चीतून."

बाईंनी वळून पाहिलं. ऑपरेटर खुर्चीत बसून पेंगत होते. कापणारे दोन्ही हात मांडीवर. मोबाइल नावाची वस्तू त्यांनी आयुष्यात कधी हातात घेतली नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी बाईंनी पडद्यावर जाड चादर टाकली. काच पार झाकली. मग अंदाजाने एफ-नऊ दाबलं, चादरीपुढे बसून दोन वाक्यं बोलल्या आणि एफ-दहा दाबलं.

"मेलं काय कुणी, चादर घातलीस ती?" मागून ऑपरेटर म्हणाले.

"गप्प बसा हो. प्रयोग करतेय."

चादर काढून त्यांनी रेकॉर्डिंग लावलं, उजेड वाढवला. तीच खोली वर आली. पाठमोऱ्या बाई बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे पडद्यावर चादर होती. चादरीची फुलंसुद्धा मोजता आली असती.

म्हणजे काचेचा प्रश्न मिटला. जे काही बघत होतं, ते काचेतून बघत नव्हतं. मागून बघत होतं, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. मुलगी म्हणाली ते बरोबर होतं. वेताच्या खुर्चीतून.

बाईंनी विचार केला, यांचीच नजर असेल का ही? माणूस इतकं मन लावून बघतो की ते कुठेतरी उमटतं, असं काही असतं का? असं काही नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण तो विचार त्यांना गोड वाटला. त्या दिवशी त्यांनी ऑपरेटरांना चहात साखर जरा जास्तच घातली.

५

व्यायामाच्या दिवशी केंद्राची गाडी ऑपरेटरना न्यायला आली. बाई पायात चपला सरकवून त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या.

"अगं, तुझ्या स्वेटरची लेबलाची पट्टी बाहेर आलीये मानेवर," गाडीत बसता बसता ते म्हणाले. "माझे हात धड असते तर आत केली असती."

"असू दे. मला कोण बघायला येतंय?"

गाडी गेली. बाई घरात आल्या. दार लावलं. घर रिकामं असलं की त्यांना मोठ्याने बोलायची सवय होती. भांड्यांशी बोलत बोलत त्यांनी ओटा पुसला, मग टेबलाशी बसून धड्याला सुरुवात केली. वेग वाढवायचा धडा होता. तो छान झाला, कुठे अडखळणं नाही की खाकरणं नाही. एफ-दहा दाबून त्यांनी तो लगेच लावून बघितला. आज खोली दिसणार नाही, अशी त्यांची खात्री होती. नजर ज्यांची होती ते गाडीतून गेले होते.

खोली वर आली.

आणि ती जवळ आली होती. आधी टेबलाच्या दोन्ही कडा दिसायच्या, आज नुसती पाठ आणि मान दिसत होती. अंबाड्यातल्या पिना दिसत होत्या. स्वेटरच्या गळ्यातून बाहेर आलेली पांढरी पट्टी दिसत होती, तिच्यावरची धुवून पुसट झालेली अक्षरंही.

बाईंनी 'ई' दाबलं. पट्टी बाहेर. पुन्हा दाबलं. पट्टी बाहेर. बोट यंत्रासारखं चाललं होतं. पट्टी बाहेर, पट्टी बाहेर. मग एका चित्रात सगळंच अंधारलं, जणू कुणी मधे आलं. आणि पुढच्या चित्रात मान स्वच्छ होती. पट्टी आत गेली होती.

बाईंनी हळूच हात मानेवर नेला.

पट्टी आत होती. नीट, सपाट, लेकराची करावी तशी.

त्या मागे वळल्या नाहीत. वळायला काही हरकत नव्हती, भरदुपार होती, खिडकीतून ऊन आत आलेलं होतं. पण मान वळेना. मग त्यांना ऐकू आलं की खोलीत आवाज नाही. नाही म्हणजे रोजच्यापेक्षा कमी, एवढंच. कुणीतरी बोलणं ऐकायला श्वास रोखून बसावं तसं.

"झाला धडा," बाई समोर बघतच म्हणाल्या. "आजच्यापुरता झाला."

आणि मागून वेत करकरला. कुणी उठल्यावर करकरतो तसा.

६

ऑपरेटर परत आले तेव्हा बाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, घड्याळजींच्या फोनपासून मानेवरच्या पट्टीपर्यंत. ऑपरेटर बाईंच्या शेजारी पायरीवर टेकले.

"मी काय केलं जन्मभर?" ते म्हणाले. "मशीनच्या खोलीला एक भोक असतं भिंतीत, वीतभर. त्यातून लोकांच्या पाठी बघितल्या. माणसं पडद्याकडे बघायची आणि मी माणसांकडे. पाठीवरून सगळं कळतं गं. कोण रडतंय, कुणाचं भांडण झालंय, कोण पहिल्यांदाच आलंय कुणाबरोबर."

"त्याचं इथे काय?"

"मागून बघणारा वाईटच असतो असं नाही, एवढंच म्हणतोय."

"तुम्ही तिकडे पगारावर होतात," बाई फणकारल्या. "इथे याला कुणी ठेवलंय?"

ऑपरेटर हसले. बाईंनाही हसू आलं आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं. धडे बंद करावेत, असं त्यांच्या मनात होतं. पण घड्याळजींचं काय? मॅडम सांगत होत्या, एका आजीने गेल्या आठवड्यात परगावच्या नातीचा व्हिडिओ स्वतः लावून बघितला, म्हणून. एका पट्टीपायी त्या सगळ्यांचं शिकणं तोडायचं? आणि ते जे काही होतं, त्याने अजून तरी पट्टी आत घालण्यापलीकडे कुणाचं काही केलं नव्हतं.

"मग असं करू," ऑपरेटर म्हणाले. "मी मागे बसतच नाही. तुझ्या शेजारी बसतो."

त्यांनी मिळून वेताची खुर्ची ओढत आणली आणि बाईंच्या खुर्चीला चिकटवून ठेवली. मागे भिंतीशी मोकळी जागा उरली. लादीवर खुर्चीच्या पायांचे डाग तेवढे राहिले.

७

पुढचा धडा दोघांनी मिळून केला. बाई सांगत होत्या आणि ऑपरेटर पुठ्ठ्याच्या भोकातून कापऱ्या बोटाने दाबून दाखवत होते. "हे बघा, माझं जमतंय म्हणजे तुमचं जमेलच," ते म्हणाले, आणि बाईंना वाटलं, हे आधीच का नाही सुचलं आपल्याला! इतका चांगला धडा आजवर झाला नव्हता. संपल्यावर दोघंही खुशीत होते.

"लाव," ऑपरेटर म्हणाले.

"नको."

"अगं, लाव. मी आहे ना."

बाईंनी लावला. उजेड वाढवला.

दोन पाठी वर आल्या. एक अंबाडा, एक टक्कल. दोन्ही डोकी एकमेकांकडे झुकलेली, मधे बोटभर फट. इतक्या वर्षांत त्यांचा दोघांचा असा फोटो कुणी काढला नव्हता. बाई भीती विसरून बघत राहिल्या.

"छान आलोय गं," ऑपरेटर हळूच म्हणाले.

त्यांनी बोट पुढे केलं आणि 'ई' दाबलं. डोकी जवळ आली. पुन्हा दाबलं. आणखी जवळ. बघणारं आता भिंतीशी नव्हतं, ते चालत येत होतं, एका चित्राला एक पाऊल. दोन डोक्यांमधली फट मोठी होत गेली आणि त्या फटीतून समोरचा पडदा दिसायला लागला. तो पडदाही काळाच होता. काळी काच. आणि काचेत, लहानशी, समोरची माणसं दिसत होती. बाईंचं तोंड. ऑपरेटरांचं तोंड.

बाईंच्या लक्षात आलं. पाठीमागे जो उभा असेल, तोही त्या काचेत दिसणार.

त्यांनी चटकन चष्मा काढला. समोरचं सगळं विरघळून धूसर झालं. "पुरे," त्या म्हणाल्या. "बंद करा."

पण ऑपरेटरांची दूरची नजर मशीनच्या खोलीत घडलेली, शेवटच्या रांगेतलं माणूस ओळखणारी. त्यांनी आणखी एकदा दाबलं. मग आणखी एकदा. मग बोट थांबलं. बाईंना धूसर दिसत होतं तरी एवढं कळलं, की त्या दोन तोंडांच्या वर, दोघांच्या मधोमध, काहीतरी फिकट वाकलेलं आहे.

बाईंनी ऑपरेटरांचा हात धरला.

"काय आहे?"

"काही नाही."

"माणूस आहे का?"

त्यांचा हात कापत होता, रोजच्याइतकाच, जास्त नाही.

"बघतंय आपल्याकडे," ते म्हणाले. मग आवाज आणखी बारीक करून, झोपलेलं मूल उठू नये तसं म्हणाले, "खूश दिसतंय."

बाईंनी चष्मा घातला नाही. चाचपडत त्यांनी बटण शोधलं आणि प्लेअर बंद केला.

८

तो धडा तसाच केंद्राला गेला. घड्याळजींचा फोन आला, "बाई, आता बरं वाटतं बघा. तिघं मिळून शिकवता ते." बाई "हो" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मुलीला त्यांनी सांगितलं की काही नव्हतं, मशीनची काहीतरी खोड होती. ती लांब राहते, तिच्या जिवाला घोर कशाला?

पुढच्या धड्याच्या दुपारी ऑपरेटर आधीच येऊन बसले होते. बाई आल्या, पण बसल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथली लाकडी खुर्ची उचलून आणली. फडक्याने पुसली आणि मागे भिंतीशी, लादीवरच्या त्या डागांवर ठेवली. ऑपरेटर मान वळवून बघत होते.

"उभं उभं किती वेळ बघायचं कुणी," बाई म्हणाल्या.

त्या येऊन आपल्या जागी बसल्या. स्वेटर नीट केला. दोघंही समोर बघत होते. मागे लाकूड वाजलं, अगदी हलकं, पाहुण्याने पहिल्यांदा टेकावं तसं. बाईंनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने एफ-नऊ दाबलं.

"आज आपण," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चित्र मोठं करायला शिकू."